बोअरमध्ये टॉर्पेडो सोडला तर पाणी वाढेल का?

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने प्रश्न विचारला आहे. थोडक्यात असा: "आमचा बोअर १८० फूट आहे. आधी तास-दीड तास चालायचा, आता दहा मिनिटांत हवा ओढतो. गावात एक माणूस आलाय. तो म्हणतो, बोअरमध्ये टॉर्पेडो सोडतो, नेव्हीचं तंत्र आहे, खडक फुटून पाणी मोकळं होतं. तीस हजार मागतोय. बहिणीने डिक्शनरीत पाहिलं तर टॉर्पेडो म्हणजे मासा निघाला. पण एका जुन्या इंग्रजी पुस्तकात विहिरीला टॉर्पेडो दिल्याचं लिहिलेलं आहे. यात खरं काय, आणि आम्ही हे करावं का?"

माझी सगळी नोकरी मराठवाड्यातल्या विहिरी, बोअर आणि हातपंपांच्या कामात झाली. अजूनही लोक बोअरचे कागद घेऊन येतात, म्हणून सविस्तर लिहितो. दादा, तुम्ही शब्दाचा अर्थ विचारला आहे, पण तुमची खरी अडचण वेगळी आहे. तुमच्या बोअरच्या आजूबाजूला पाणी आहे आणि ते आत येत नाही, की आजूबाजूलाच पाणी उरलेलं नाही? हे कळल्याशिवाय तीस हजार काय, तीनशे रुपयेसुद्धा खर्च करू नका. तरी शब्दापासूनच सुरुवात करतो, कारण त्या माणसाचं सगळं भांडवल त्या एका शब्दावर उभं आहे.

तुमच्या बहिणीने बरोबर शोधलं. टॉर्पेडो हा मुळात लॅटिन शब्द. 'टॉर्पेरे' म्हणजे बधिर होणं, सुन्न पडणं. त्यावरून टॉर्पेडो म्हणजे बधिरपणा, आणि पुढे बधिर करणारा मासा. हा मासा पाकटासारखा चपटा असतो आणि समुद्राच्या तळाशी वाळूत अंग झाकून पडून राहतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंना त्याची वीज तयार करणारी इंद्रियं असतात. मोठ्या जातींत त्याचा झटका २०० व्होल्टच्या घरात जातो. वीज म्हणजे काय हे जगात कुणालाच माहीत नव्हतं, तेव्हाही भूमध्य समुद्रावरच्या कोळ्यांना या माशाने हात सुन्न होतो एवढं पक्कं ठाऊक होतं. ग्रीक लोक त्याला नार्के म्हणत. गुंगी आणणाऱ्या औषधांना आपण नार्कोटिक म्हणतो, तो शब्दही त्याच मुळाचा. पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस नावाचा रोमन वैद्य जुनाट डोकेदुखीवर आणि गाऊटवर जिवंत टॉर्पेडो मासा लावायला सांगायचा.

या माशाचं पुढचं काम मला फार मोलाचं वाटतं. १७७२ मध्ये जॉन वॉल्श नावाच्या इंग्रजाने फ्रान्सच्या किनाऱ्यावर जाऊन या माशावर प्रयोग केले आणि त्याचा झटका विजेचाच आहे हे दाखवलं. मग हेन्री कॅव्हेंडिशने माशाची नकली प्रतिकृती करून तोच परिणाम साधला. १८०० मध्ये व्होल्टाने पहिली बॅटरी जगापुढे ठेवली, तेव्हा तिची तुलना त्याने याच माशाच्या विजेच्या इंद्रियाशी केली होती. तुमची मोटर ज्या विजेवर चालते, तिच्या अभ्यासात या माशाचा असा वाटा आहे.

माशाचं नाव स्फोटकाला लागलं ते अमेरिकन लोकांमुळे. १७७६ च्या सुमारास, इंग्रजांविरुद्धच्या लढाईत, डेव्हिड बुशनेलने जहाजाच्या तळाला दारूची पेटी लावायचा प्रयत्न केला. त्याच्यानंतर रॉबर्ट फुल्टनने पाण्याखालच्या अशा दारूच्या पेट्यांसाठी टॉर्पेडो हा शब्द रूढ केला. १८०५ मध्ये त्याने इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ डोरोथिया नावाचं जहाज प्रात्यक्षिकात उडवून दाखवलं. दबा धरून बसणारा, खालून अचानक झटका देणारा मासा त्यांच्या डोळ्यांसमोर होता. पण हे नीट लक्षात घ्या: त्या काळच्या टॉर्पेडोला ना इंजिन होतं ना पंखा. तो एका जागी तरंगत किंवा नांगरलेला असायचा. आज आपण त्याला पाणसुरुंग म्हणू. १८६४ मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात मोबाइल बेच्या लढाईत ॲडमिरल फॅरागट ज्या टॉर्पेडोंची पर्वा न करता पुढे घुसला, ते सगळे पाणसुरुंगच होते. त्याच युद्धात दक्षिणेच्या सैन्याने रस्त्यांत पुरलेल्या स्फोटक गोळ्यांनाही टॉर्पेडोच म्हणत. थोडक्यात, १८७० च्या आधीच्या इंग्रजी मजकुरात हा शब्द दिसला तर पाण्यात धावणारं अस्त्र डोळ्यांसमोर आणू नका. लपवून ठेवलेला सुरुंग, एवढाच अर्थ घ्या.

स्वतः धावणारा टॉर्पेडो आला १८६६ मध्ये. रॉबर्ट व्हाइटहेड हा इंग्रज इंजिनिअर फ्यूमे बंदरात काम करत होता. ते बंदर तेव्हा ऑस्ट्रियाकडे होतं, आज क्रोएशियात आहे आणि त्याचं नाव रिएका आहे. जोव्हानी लुप्पिस या नौदल अधिकाऱ्याची कल्पना घेऊन त्याने दाबलेल्या हवेवर चालणारं, पाण्याखाली ठरावीक खोलीवरून जाणारं अस्त्र बनवलं. हळूहळू नाव या धावणाऱ्याकडे गेलं आणि एका जागी थांबणाऱ्याला इंग्रजीत माइन हे नाव उरलं. मराठीत हा घोळ झालाच नाही. आपण एकाला पाणतीर म्हणतो, दुसऱ्याला पाणसुरुंग. या पाणतीर सोडणाऱ्या छोट्या नावांचा बंदोबस्त करायला जी जहाजं बांधली, त्यांना टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर म्हणत. पुढे त्यातलं नुसतं डिस्ट्रॉयर राहिलं. आपल्या नौदलाने पाणतिराची किंमत मोजलेली आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री आयएनएस खुकरी पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. नौदलाची पाणबुडीचं शिक्षण देणारी संस्था विशाखापट्टणमला आहे. तिला नाव दिलंय आयएनएस सातवाहन, आपल्या पैठणहून राज्य केलेल्या घराण्याचं. मराठवाड्याच्या पोरांना हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

आता त्या माणसाचा 'नेव्हीचं तंत्र' हा दावा तपासा. त्यासाठी भूगर्भशास्त्र लागत नाही, टेप लागते. आपल्या नौदलाचा वरुणास्त्र हा मोठा टॉर्पेडो ५३३ मिलिमीटर जाडीचा आहे, म्हणजे २१ इंच. हेलिकॉप्टरमधून टाकायचे हलके टॉर्पेडोसुद्धा ३२४ मिलिमीटरचे, पावणेतेरा इंच. तुमचा बोअर साडेसहा इंची असणार, फार जुना असेल तर त्याहून लहान. त्यात नौदलाचं काहीही उतरणार नाही. तो माणूस जे सोडणार ती नळीत भरलेली जिलेटिनची कांडी असणार. तिला टॉर्पेडो म्हटलं की तीस हजार मागता येतात, सुरुंग म्हटलं की गावातला ब्लास्टिंगवाला आठवतो आणि त्याचा दर आठवतो.

पण तुमच्या जुन्या पुस्तकातलं वाक्य खोटं नाही. खरं तर या सगळ्या इतिहासात आपल्या कामाचा भाग तोच आहे. एडवर्ड रॉबर्ट्स हा अमेरिकेच्या यादवी युद्धातला एक अधिकारी. डिसेंबर १८६२ मध्ये फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत तोफेचे गोळे अरुंद कालव्यात पडून फुटताना त्याने पाहिले. उघड्यावर फुटलेल्या गोळ्याचा जोर वर हवेत उडून जातो. पाण्याखाली फुटलेल्या गोळ्याचा जोर वरच्या पाण्यामुळे कोंडतो आणि आजूबाजूच्या भिंतींवर बसतो, कारण पाणी दाबलं जात नाही. रॉबर्ट्सच्या डोक्यात आलं की तेलाची विहीर म्हणजे खोल, अरुंद, द्रवाने भरलेलं छिद्रच आहे. जानेवारी १८६५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलजवळ त्याने दारू भरलेली लोखंडी नळी एका तेलविहिरीत सोडून फोडली. तेल वाढलं. या नळीला त्याने टॉर्पेडोच म्हटलं. पुढे साध्या दारूऐवजी नायट्रोग्लिसरीन आलं. रॉबर्ट्सकडे पेटंट होतं आणि तो वाढलेल्या तेलाचा पंधरावा हिस्सा मागायचा. मग पैसे वाचवायला लोक रात्री चोरून विहिरी उडवू लागले आणि त्यात जीवही गेले. तुमच्या पुस्तकात विहिरीला दिलेला टॉर्पेडो तो हा. अमेरिकेत पुढे खडकातल्या पाण्याच्या विहिरींवरही हा प्रयोग होऊ लागला.

पेनसिल्व्हेनियात तो का चालला, हे समजून घेतल्याशिवाय तो बीडला चालेल का ते सांगता येत नाही. तिथलं तेल वालुकाश्मात होतं, म्हणजे कणाकणात जागा असलेल्या खडकात. आणि तेलाबरोबर मेण यायचं. ते विहिरीच्या भिंतीवर थिजून बसायचं आणि तेलाची वाट अडवायचं. स्फोटाने ते मेण उडायचं आणि जवळचा वालुकाश्म तडकायचा. मागे तेल भरलेलं होतंच, फक्त दार अडलेलं होतं. तुमच्या शेताखाली वालुकाश्म नाही आणि मेणही नाही.

तिथून पुढे आणखी एक पाऊल पडलं. १९४७ मध्ये अमेरिकेतच, कॅन्ससच्या ह्यूगोटन वायुक्षेत्रात, स्फोट न करता नुसत्या द्रवाच्या दाबाने खडक तडकवून पाहिला. दोन वर्षांत तो धंदा झाला. इंग्रजीत त्याला हायड्रोफ्रॅक्चरिंग म्हणतात आणि आपल्याकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हेच काम पिण्याच्या पाण्याच्या बोअरवर जलभंजन या नावाने करते. हातपंपाच्या बोअरवर मोठी गाडी येऊन पाणी दाबताना तुम्ही कधी पाहिलं असेल, तर रॉबर्ट्सच्या टॉर्पेडोचा आजचा वारस तुम्ही पाहिला आहे. त्यात कांडी नाही, धमाका नाही.

शब्दाचे आणखी काही अर्थ आहेत, ते भराभर सांगून टाकतो, म्हणजे दुसरीकडे कुठे वाचलेत तर गोंधळ होणार नाही. अमेरिकन रेल्वेत रुळावर बसवायच्या आवाजी डबीला टॉर्पेडो म्हणतात. चाक गेलं की ती फुटते आणि ड्रायव्हर सावध होतो. १८४१ मध्ये इंग्लंडमधल्या एडवर्ड काउपरने ती शोधली. आपल्याकडे परभणी-पूर्णा-नांदेडच्या मार्गावरचे गँगमन तिला पटाखा किंवा डिटोनेटर म्हणतात. ब्रॉडगेजवर गाडी मध्येच अडकली तर ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन पटाखे लावायचा नियम आहे. दिवाळीत मुलं जमिनीवर आपटतात तो आपटीबार, त्यालाही अमेरिकेत पूर्वी टॉर्पेडो म्हणत. या दोन्हींत स्फोटाचा धागा आहे. बाकीच्या ठिकाणी नुसता आकार उरलाय. पोलाद कारखान्यात वितळलेलं लोखंड वाहणारी लांबोडकी वाघीण म्हणजे टॉर्पेडो. प्लंबरची दोन्ही टोकांना निमुळती होत जाणारी छोटी पाणसळ म्हणजे टॉर्पेडो लेव्हल. वाळूजच्या एखाद्या प्लास्टिक मोल्डिंगवाल्याला विचारा, मशिनच्या नळीत प्लास्टिक गरम भिंतीकडे ढकलणाऱ्या लांबट तुकड्यालाही तो टॉर्पेडो म्हणेल. आणि बैठकीत कुणी एखादा प्रस्ताव टॉर्पेडो केला म्हणजे तो आतून बुडवला.

तर मासा, पाणसुरुंग, पाणतीर, तेलविहिरीतली नळी, रुळावरचा पटाखा. यांतला तेलविहिरीचा अर्थ तेवढा तुमच्या कामाचा, आणि त्याच्याशी नौदलाचा काही संबंध नाही. आता खडकाकडे वळू.

आपल्या पायाखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा आहे. प्रत्येक थराचे साधारण दोन भाग असतात. खालचा भाग घट्ट, ज्याला विहीर खोदणारे काळा पाषाण म्हणतात. वरचा भाग बुडबुड्यांच्या पोकळ्यांचा, त्यात पांढरी खनिजं भरलेली. त्याला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कुठेकुठे तांबड्या मातीचा पट्टा लागतो, गेरूसारखा. सगळ्यात वर झिजलेला मुरूम. पाणी राहतं ते मुरमात, झिजलेल्या मांजऱ्यात आणि पाषाणाच्या भेगांत. भेगा नसलेला काळा पाषाण पाणी धरत नाही आणि जाऊही देत नाही. म्हणून एकाच बांधाच्या अलीकडे बोअर भरून वाहतो आणि पलीकडे धूळ निघते. त्यात पाणाड्याचा नारळ कामाचा नाही आणि नशिबाचाही भाग नाही. भेग तुमच्या छिद्राला भेटली की नाही, एवढीच गोष्ट आहे.

यावरून दिसेल की खडक फोडल्याने फायदा होतो तो एकाच परिस्थितीत: पाणी भरलेली भेग जवळ आहे, पण बोअरला लागलेली नाही, किंवा लागलेली असून चिकणमातीने बुजली आहे. तसं असेल तर वाट उघडल्यावर पाणी येतं. पण भूजलाची पातळीच खाली गेली असेल तर वाट उघडून येणार काय? कणगी मोठी केली म्हणून ज्वारी वाढत नाही.

तुमच्या बोअरचं वर्णन वाचून माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे, पण पाहिल्याशिवाय ठाम बोलणार नाही. आधी तास-दीड तास चालायचा, याचा अर्थ भेग लागलेली होती आणि तिच्यातून पाणी येत होतं. आता येत नाही, तर एक तर ती भेग बुजली, किंवा तिच्यातलं पाणी खाली गेलं. हे ओळखायची एक पद्धत मी नेहमी वापरतो आणि तिला पैसे लागत नाहीत. रात्रभर मोटर बंद ठेवा. सकाळी दोरीला वजन बांधून बोअरमध्ये सोडा आणि पाणी किती फुटांवर आहे ते मोजा. दोरी मोटरच्या पाइपात आणि केबलमध्ये अडकू नये म्हणून वजन बारीक आणि गुळगुळीत घ्या. मग मोटर चालवा, हवा ओढली की बंद करा आणि दर दहा मिनिटांनी पाणी किती वर आलं ते लिहीत जा. दोन-तीन तास लिहा.

समजा सकाळी पाणी ५० फुटांवर आहे. म्हणजे बोअरमध्ये शंभराहून जास्त फूट पाणी उभं आहे. उपसल्यावर मात्र ते फार हळू भरतंय. अशा बोअरच्या भोवती पाणी आहे, वाट अरुंद आहे. इथे जलभंजनाचा विचार करण्यात अर्थ आहे, आणि त्याआधी कॉम्प्रेसरने बोअर धुऊन काढण्यात तर नक्कीच. गाळ बसून खालची भेग बुजलेली मी पुष्कळ वेळा पाहिली आहे आणि नुसत्या फ्लशिंगने बोअर पूर्ववत झालेलेही पाहिले आहेत. उलट, सकाळीच पाणी १५०-१६० फुटांवर असेल तर भोवतालचा साठा रिकामा झालेला आहे. तिथे कांडी लावा की आणखी काही करा, फुटलेल्या खडकात पाणी कुठून येईल? शेजारच्या चार-पाच बोअरांची आणि विहिरींची पातळीही त्याच दिवशी मोजा. सगळीकडे खोल गेली असेल तर तुमचा बोअर आजारी नाही, तुमचा परिसर कोरडा पडलाय. तुमचीच खोल आणि शेजाऱ्याची वर असेल तर बोअरमध्ये काहीतरी बिघडलंय. महिनाही महत्त्वाचा. दिवाळीच्या सुमारास मोजलेली पातळी आणि मे महिन्यातली पातळी यांत आपल्याकडे खूप फरक असतो, म्हणून मेमध्ये मोजून घाबरू नका आणि दिवाळीत मोजून निश्चिंतही होऊ नका.

आता समजा पहिली परिस्थिती निघाली, तरीही बोअरमध्ये कांडी फोडू नका असंच मी सांगेन. कारण खडकातच आहे. स्फोटाचा जोर एका क्षणात बसतो. छिद्राला लागून असलेल्या पाषाणाचा चुरा होतो आणि तोच बारीक चुरा भेगांच्या तोंडाशी बसू शकतो. तडे जातात ते जवळपासच. जलभंजनात रबरी पॅकर लावून घट्ट खडकातला बोअरचा एक टप्पा बंद करतात आणि त्यात पाण्याचा दाब हळूहळू वाढवतात. पाणी सगळ्यात कमजोर जागा शोधतं, म्हणजे आधीपासून असलेली भेग. ती उघडते, आतली माती धुऊन निघते आणि वाट स्फोटाच्या तड्यापेक्षा कितीतरी लांब जाते. पॅकर मुरमाच्या बराच खाली, घट्ट खडकात बसवावा लागतो, नाहीतर दाब वर निघून जातो. म्हणून बोअर मारताना किती फुटांवर काय लागलं, ते माहीत असावं लागतं.

शिवाय बोअरचं नुकसान वेगळं. केसिंग, म्हणजे बोअर ढासळू नये म्हणून वरच्या भागात बसवलेला पाइप, फाटतं. गेरूचा पट्टा असेल तर तो ढासळून बोअर अर्ध्यातून बुजतो. न फुटलेली कांडी १५० फुटांवर अडकली तर त्या बोअरमध्ये पुन्हा मोटर उतरवायची हिंमत कोण करणार? आणि आपल्या भागातली घरं पाहा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात जड दगड-मातीच्या भिंतींनीच माणसं मारली. तशी घरं अजूनही वस्त्यांवर आहेत. शेतातला बोअर घरापासून शंभर फुटांवर असतो. तिथे हादरे देणारं कुठलंही काम मी कुणाला सुचवत नाही.

कुणी म्हणेल, सरकारी यंत्रणाही बोअर ब्लास्ट करते. करते, पण ते काम वेगळं. पिण्याच्या पाण्याच्या उद्भवाजवळ मुद्दाम वेगळी छिद्रं मारून, कठीण खडकाच्या थरात सुरुंग उडवतात, म्हणजे पावसाळ्यात मुरायला जास्त जागा होते. चालू बोअरच्या पोटात कांडी सोडत नाहीत. त्या माणसाने हे उदाहरण दिलं तर हा फरक त्याला विचारा.

कायद्याचंही स्पष्ट सांगतो. स्फोटकं १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली येतात. ती बाळगायला, वाहून न्यायला आणि वापरायला परवाना लागतो आणि सुरुंग उडवणाऱ्याकडे शॉटफायररचं प्रमाणपत्र लागतं. हे पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचं मुख्य कार्यालय आपल्या नागपूरलाच आहे. त्या माणसाकडे परवान्याची प्रत मागा. त्याने ती दाखवली नाही आणि तुमच्या शेतात काम केलं, तर काही घडल्यावर तो पसार होईल आणि पोलीस तुमच्या दारात येतील. विहिरीत सुरुंग लावायचा असेल तरी परवानाधारक माणूसच बोलवा. उघड्या विहिरीत सुरुंगाचं काम रास्त आहे, कारण तिथे दगड काढून खोली वाढवायची असते. त्याच विहिरीत आडवे बोअर मारणं हाही आपल्याकडे चांगला लागू पडणारा उपाय आहे, कारण पाषाणातल्या उभ्या भेगा आडव्या छिद्राला जास्त भेटतात. पण त्यासाठी विहीर हवी, आणि तुम्ही विहिरीचा उल्लेख केलेला नाही.

दुसरी परिस्थिती निघाली, म्हणजे पातळीच खाली गेलेली असली, तर ते तीस हजार पुनर्भरणात, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवण्यात, घाला. एका एकरावर १० मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे ४० हजार लिटर पाणी होतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पहिली पाण्याची रेल्वे आली, तिच्यात ५ लाख लिटर पाणी होतं. तेवढं पाणी साडेबारा एकरांवर एका मध्यम सरीत पडतं आणि ओढ्याने निघून जातं. बोअरभोवती खड्डा घेऊन, मुरमातल्या केसिंगला छिद्रं पाडून जाळी गुंडाळायची, खाली मोठे दगड, वर खडी, त्यावर वाळू असे थर द्यायचे आणि शेतातलं पाणी आधी गाळ बसायच्या टाकीतून नेऊन तिथे सोडायचं. गढूळ पाणी थेट सोडलं तर आपल्याच हाताने भेगा बुजवल्यासारखं होईल. खतं-औषधं फवारलेल्या रानाचं आणि गोठ्याचं पाणी तिथे आणू नका. जागा उताराच्या खालच्या अंगाला असेल तर हे छान चालतं. माथ्यावर असेल तर पाणी मुरून खालच्या शेजाऱ्याला मिळेल, तुम्हाला कमी. बालाघाटाच्या उतारावर ही गोष्ट मोठी आहे, म्हणून वरच्या-खालच्या शेतकऱ्यांनी मिळून काम केलेलं केव्हाही बरं.

आणखी खोल बोअर मारायचा विचार मनात येत असेल तर थांबा. राज्याच्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल गेलेली विहीर खोल समजली जाते आणि तिच्यावर बंधनं आहेत. त्यापलीकडे आपल्या पाषाणात पाणी लागलं तरी ते बहुधा जुना साठा असतो आणि वर्षा-दोन वर्षांत संपतो.

नेमकं सांगायला मला एवढं लागेल: बोअर कुठल्या साली मारला, केसिंग किती फूट, किती फुटांवर पाणी लागलं होतं, तेव्हा निघालेली धूळ काळी होती की तांबडी की पांढुरकी, मोटर किती फुटांवर सोडलीय, आणि वर सांगितलेली पातळीची मोजणी. धूळ आठवत नसेल तर बोअर मारणाऱ्या गाडीवरच्या माणसाला फोन करा, बरेच जण वहीत टिपून ठेवतात. शेत माथ्यावर आहे की ओढ्याकाठी, तेही लिहा. जवळच्या चार बोअरांचे आकडे मिळाले तर फारच चांगलं. हे पाठवा, मग जलभंजनासाठी अर्ज करायचा की पुनर्भरणाचा खड्डा घ्यायचा, ते सांगतो. तोपर्यंत त्या माणसाला आगाऊ एक रुपयाही देऊ नका.